एकशे आठ मिलिमीटरची चाकं

गाडीच्या चाकाला पाच भोकं असतात ही गोष्ट केरिमकूल मास्तरांना वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळली. त्याआधी अकरा वर्षं ते हीच जुनी जपानी गाडी चालवत होते, पण चाकाकडे बघायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. चाक फिरतंय एवढं त्यांना पुरेसं होतं. बिश्केकच्या शाळेत चौतीस वर्षं भूमिती शिकवलेल्या माणसाने एखाद्या वर्तुळापुढे उकिडवं बसावं, हे त्यांच्या मते पदाला शोभणारं नव्हतं.

ती वेळ आणली व्याह्यांनी.

मागच्या शरद ऋतूत मास्तरांच्या मुलीचं, नुरझातचं, लग्न झालं. सासर कोच्कोरचं. वऱ्हाड व्याह्यांच्या फाटकात वळलं आणि मास्तरांच्या गाडीची तारेने बांधलेली व्हीलकॅप, चाकावरचं गोल पत्र्याचं झाकण, सुटली. ती घरंगळत अंगणातून गेली, पंगतीच्या कडेने गेली, आणि नेमकी व्याही बैशेनबेक यांच्या बुटापाशी जाऊन आडवी झाली. बैशेनबेक म्हणजे आडवा माणूस, मेंढरांचा मोठा कळप, आणि दारात उंच काळी जीप. त्यांनी ती कॅप उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि दोनशे पाहुण्यांसमोर विचारलं, "व्याही, तुमच्याकडे जेवायचं ताट घरून आणतात होय?"

दोनशे माणसं हसली. त्यात मास्तरांची बायको शाइरगुलही होती, हे मास्तर विसरले नव्हते. तेव्हापासून बैशेनबेकचा फोन आला की तब्येतीची चौकशी झाल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला: "आणि ताट? आहे ना जागेवर?"

आता नुरझातला मुलगा झाला होता. पाळणा आईच्या माहेराहून यायचा असतो. आजी-आजोबांनी तो घेऊन यायचं, म्हाताऱ्या बायकांनी बाळाला त्यात निजवायचं, मग जेवणं. शनिवारी दुपारी बाराच्या आत पाळणा कोच्कोरला पोचायला हवा होता. पाळणा तयार होता, लाल रंगवलेला. शाइरगुलने त्याच्या दुलया महिनाभर शिवल्या होत्या. आणि मास्तरांनी मनाशी घेतलं होतं की या वेळी त्या फाटकातून आत जायचं ते चकचकीत, चांदीसारख्या चाकांवर. व्हीलकॅपच नको, म्हणजे ताटही नको.

"आहे ती चाकं धुवा," शाइरगुल म्हणाली. "चिखल गेला की चाकं नवीच दिसतात."

"प्रश्न चिखलाचा नाही."

"मग कशाचा आहे?"

मास्तरांनी उत्तर दिलं नाही. मूर्ख प्रश्नाला उत्तर देऊन तो मोठा करायचा नाही, ही त्यांची वर्गातली शिस्त होती.

मंगळवारी सकाळी त्यांनी इमारतीच्या अंगणात गाडीचं पुढचं चाक काढलं. काढलं म्हणजे शेजारच्या गेन्नादीने काढलं. गेन्नादी रेल्वेतून निवृत्त झालेला फिटर, त्याला रिकाम्या हाताचा कंटाळा यायचा. मास्तर बाजूला उभे राहून पाना कुठल्या दिशेने फिरवावा हे सांगत होते, आणि गेन्नादी उलट्या दिशेने फिरवून नट काढत होता.

"तुझ्याकडे व्हर्नियर आहे ना रे," गेन्नादी स्वतःशीच म्हणावं तसं म्हणाला, आणि स्वतःच उत्तर दिलं, "आहे. आणतो."

"काही नको," मास्तर म्हणाले. "फूटपट्टी डोक्याने वापरली की पुरते."

चाक निघाल्यावर मागे लोखंडाची गंजकी तबकडी राहिली आणि तिच्यातून बाहेर आलेले पाच बोल्ट. नवी चाकं घ्यायची तर हे पाच बोल्ट किती मोठ्या वर्तुळावर बसवलेत ते माहीत हवं. मास्तर हसले. हे इतकं सोपं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. वर्तुळाचा व्यास म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यांनी शाळेतली लाकडी पट्टी एका बोल्टच्या मध्यावर ठेवली, दुसरं टोक समोरच्या बोल्टच्या मध्यावर नेलं आणि वाचलं: एकशे आठ मिलिमीटर, वर अर्धा-पाऊण.

"वरचा अर्धा गंजाचा," त्यांनी निकाल दिला.

तेवढ्यात घर-समितीच्या अध्यक्षीण सापारकान कचऱ्याची बादली घेऊन खाली आल्या. इमारतीत काय चाललंय हे माहीत असणं हे त्यांचं कामच होतं. ते काम नसतं तरी त्यांनी केलं असतं. त्यांनी वाकून चार बोटं दोन बोल्टांच्या मध्ये घातली, जशी घोड्याच्या मांसावरची चरबी मोजतात तशी.

"चार बोटं. कडेला जरासं," त्या म्हणाल्या. "माझ्या दिराचीही चारच बोटं होती. पण त्याची गाडी जळली."

"बाई, बोट हे एकक नाही," मास्तर म्हणाले.

"मग घोडा कापताना काय पट्टी लावता?"

याही प्रश्नाला मास्तरांनी उत्तर दिलं नाही.

बुधवारी ते गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात गेले. डबे रचून केलेल्या गल्ल्या, आणि प्रत्येक डब्यापुढे चाकांचे मनोरे. मास्तरांनी एका चाकवाल्यापुढे उभं राहून वर्गात गणित घालावं तशा आवाजात सांगितलं, "पाच भोकं, एकशे आठ."

चाकवाला सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. "गाडी कुठली?"

"जपानी."

"बाबा, या जपान्यांना एकशे चौदा लागतं. एकशे चौदा पूर्णांक तीन. मी वीस वर्षं हेच विकतोय."

"आणि मी चौतीस वर्षं भूमिती शिकवलीय," मास्तर म्हणाले. "स्वतःच्या हाताने मोजलंय."

चाकवाल्याने मांडीवरची टरफलं झटकली. ज्या माणसाने स्वतःच्या हाताने मोजलंय त्याच्याशी वाद घालून कधी काही मिळालं नाही, हे तोही वीस वर्षांत शिकला होता. त्याने टायर चढवलेली चार चाकं काढली. दहा आऱ्यांची, अशी चकचकीत की मास्तरांना त्यात चार केरिमकूल दिसले, चारही समाधानी. शाइरगुलने पडद्यांसाठी बाजूला ठेवलेलं सगळं गेलं. चाकवाल्याने हात पुढे केला, मास्तरांनी हातात हात दिला आणि तीनदा हलवला. असा हात हलला की सौदा पक्का. मग माल परत नेणारा माणूस त्या गल्लीत पुन्हा तोंड दाखवू शकत नाही.

टॅक्सीतून चाकं अंगणात उतरली आणि अख्खी इमारत खाली उतरली. नवी वस्तू दिसली की तिच्या मालकाच्या हातावर काहीतरी ठेवायचं आणि 'सुखाने वापर' म्हणायचं. त्याला बायगाझी म्हणतात. देणाऱ्याची ऐपत कितीही असो, द्यायचं. सापारकानने रासबेरीच्या मुरंब्याची बरणी दिली. गेन्नादीने लोकरी मोज्यांचा जोड दिला. तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी चहाचं पाकीट दिलं. संध्याकाळपर्यंत अकरा घरांची बायगाझी मास्तरांच्या स्वयंपाकघरात जमली होती आणि चाकं अजून गाडीला लागलेली नव्हती.

"आता ही चाकं माझी," मास्तर म्हणाले.

"आता ती अकरा घरांची," शाइरगुल म्हणाली. भेटी मोजता मोजता तिला जे कळलं ते मास्तरांना कळायला आणखी एक दिवस जायचा होता.

त्याच संध्याकाळी कुबात आला. कुबात मास्तरांच्या बहिणीचा मुलगा, पस्तिशीचा, टोकमोकजवळच्या गावात राहणारा. भाचा मामाच्या घरी आला की त्याला जे आवडेल ते तो उचलतो आणि मामाने हसतमुखाने बघायचं, ही रीत आहे. बाकी लोक ती सणावाराला पाळतात. कुबात ती मन लावून पाळायचा. या वर्षात त्याने मास्तरांची इस्त्री, एक घोंगडी आणि बोलणारं घड्याळ नेलं होतं.

अंगणात गाडी विटांवर उभी होती. मास्तरांनी चारही जुनी चाकं काढून भिंतीला टेकवली होती, सकाळी नवी लावायची म्हणून.

"मामा, ही जुनी तुला आता कशाला?" कुबात म्हणाला. "माझ्या व्होल्गा गाडीचे टायर गुळगुळीत झालेत. नेतो."

मास्तर हसले. हसणं सक्तीचं होतं, पण या वेळी त्यांना ते मनापासून आलं. जुन्या चाकांबरोबर जुनं ताटही जात होतं.

गुरुवारी सकाळी गेन्नादीने पहिलं चकचकीत चाक उचलून बोल्टांवर टेकवलं. दोन बोल्ट आत गेले. तिसऱ्याने नुसतं नाक घातलं. उरलेले दोन सरळ आऱ्यांच्या मधल्या धातूवर येऊन थडकले. गेन्नादीने चाक फिरवून लावलं. मग दुसरं चाक लावून पाहिलं. मग तिसरं. चौथं लावायच्या आधी तो खाली बसला आणि त्याने टोपी मागे सरकवली.

"बसत नाही, केरिमकूल."

"दाब."

"हे लोखंड आहे. याला दाबून काही होत नाही."

जमलेल्या लोकांनी मदत करायला सुरुवात केली. कुणी म्हणालं, भोकं कानशीने मोठी करा. कुणी म्हणालं, बोल्ट वाकवा. डॉक्टरीणबाईंच्या नवऱ्याने विचारलं, दोन नटांवर काम भागणार नाही का, हळू चालवलं तर? सापारकानने आपली चार बोटं पुन्हा मध्ये घातली. "मी म्हटलं होतं ना, कडेला जरासं होतं. ते जरासंच नडतंय."

"काही नडत नाहीये," मास्तर म्हणाले. "नव्या चाकांना एक दिवस हवा खाऊ द्यावी लागते."

हे ऐकून गेन्नादीने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मोजे परत मागावेत का याचा तो विचार करत असावा.

मास्तरांनी कुबातला फोन लावला. कुबात एखादी वस्तू नेल्यावर आठवडाभर फोन उचलत नसे. ती त्याची जुनी खबरदारी होती.

मग त्यांनी एक चाक खांद्यावर घेतलं आणि मिनीबस पकडून बाजाराच्या तोंडाशी एसेनबायच्या टायरच्या दुकानात गेले. ड्रायव्हरने चाकाचंही तिकीट घेतलं, कारण ते सीटवर बसलं होतं आणि मास्तर उभे होते. एसेनबाय मास्तरांचा विद्यार्थी. नववीत त्याला भूमितीत पाचपैकी दोन होते, म्हणजे नापास. आता त्याच्याकडे तीन कामगार होते आणि मास्तर दरवर्षी त्याच्याकडून हवा भरून घ्यायचे, फुकट.

एसेनबायने चाक उलटं करून पाहिलं. "एकशे आठ आहे, मास्तर. बरोबर आहे."

"मग ते बसत का नाही? गाडीही एकशे आठच आहे."

"कशी मोजलीत?"

मास्तरांनी खडू मागून घेतला. जमिनीवर एक वर्तुळ काढलं, त्यावर पाच ठिपके दिले, आणि एका ठिपक्यापासून समोरच्या ठिपक्यापर्यंत रेघ ओढली. "हा व्यास."

एसेनबाय त्या रेघेवर वाकला. कामगारही काम थांबवून बघायला आले. मग त्याने हात पुसले आणि खाली बसला.

"मास्तर, या ठिपक्याच्या समोर कुठला ठिपका आहे?"

"हा."

"आणि त्याच्या शेजारचा हा का नाही?"

मास्तरांचा खडू एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर गेला आणि परत आला.

"चार ठिपके असते तर समोर एक असता," एसेनबाय म्हणाला. तो घाई करत नव्हता. त्याने प्रत्येक ठिपक्यावर बोट ठेवलं. "सहा असते तरी असता. पाचांत समोर कुणीच नसतं, समोर मोकळी जागा असते. तुमची रेघ मधून जातच नाही. मध्याच्या बाजूने गेलीय. म्हणून ती कमी भरली."

मास्तरांनी पाहिलं. रेघ केंद्राला चुकवून जात होती, अगदी उघड, तिसरीतल्या मुलालाही दिसेल अशी.

"आम्ही काय करतो," एसेनबाय पुढे म्हणाला, "शेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यांतलं अंतर मोजतो आणि त्याला एक पूर्णांक सात दशांशने गुणतो. तुमच्या गाडीचं सदुसष्ट भरेल. सदुसष्ट गुणिले एक पूर्णांक सात, एकशे चौदा. नाहीतर मधल्या गोलाच्या केंद्रापासून एका बोल्टपर्यंत मोजायचं आणि दुप्पट करायचं. वर्तुळ मधून मोजलं की फसवत नाही." त्याने हाताचा खडू झटकला. "नववीत मला दोन दिलेत तुम्ही."

"तू दोनच्याच लायकीचा होतास."

"होतो. प्रश्न पंचकोनाचा होता."

कामगारांपैकी एकाला एकदम खोकला आला.

नियमित पंचकोनात शिरोबिंदूच्या समोर शिरोबिंदू नसतो, बाजू असते. हे वाक्य केरिमकूल मास्तरांनी चौतीस वर्षं, वर्षाला तीन तुकड्यांपुढे म्हटलं होतं. ते म्हणताना त्यांनी कधी चाक पाहिलं नव्हतं आणि चाक पाहताना त्यांना ते वाक्य आठवलं नव्हतं. मोठ्या विद्वानांचं ज्ञान बऱ्याचदा असंच वर्गात टांगून ठेवलेलं असतं, ते घरी घालून यायचं कुणाच्या लक्षात येत नाही.

"मधे बसवायची कडी मिळतात," एसेनबाय म्हणाला. "पण तुम्हाला बूमच्या घाटातून जायचंय, पाळणा घेऊन. मी ती लावणार नाही. एकशे चौदाची चाकं घ्या, ही परत करा."

मास्तरांना हातात हात देऊन तीनदा हलवलेला चाकवाल्याचा हात आठवला. मग स्वयंपाकघरातली अकरा घरांची बायगाझी आठवली. ते चाक खांद्यावर घेऊन निघाले. एसेनबायने हवेचे पैसे घेतले नाहीत, कारण हवा भरलीच नव्हती.

घरी शाइरगुलने विचारलं, आणि मास्तरांनी सांगताना भूमितीची परिभाषा वापरली. शाइरगुलने गोल नान पुढे ओढला आणि त्याच्या कडेने पाच मनुका लावल्या. एका मनुकेवर सुरी ठेवून तिने सरळ समोर नेली. सुरी दोन मनुकांच्या मधून गेली. तिने सहावी मनुका घेतली, सगळ्या सारख्या अंतरावर सरकवल्या आणि पुन्हा सुरी नेली. या वेळी ती बरोबर मनुकेवर आली.

"म्हणजे सम असतील तर समोर कुणीतरी असतं. विषम असतील तर नसतं. एवढंच?"

"एवढंच," मास्तर म्हणाले.

"यासाठी माझे पडदे गेले?"

त्यांनी नान खाल्ला, मनुकांसकट. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी गाडीच्या काचेवर एक कागद चिकटवलेला होता. शेजारी महापालिकेचा एक निरीक्षक उभा राहून टॅबलेटवर काहीतरी भरत होता. चेहरा तरुण होता, पण कंटाळा अनुभवी माणसाचा होता.

"ही वस्तू कुणाची?"

"ही गाडी आहे," मास्तर म्हणाले.

"चाकं नाहीत."

"ती काय, भिंतीला टेकलीयेत. चार."

"गाडीला लागलेली नाहीत. चाकं लागलेली नसली तर ते वाहन होत नाही, वस्तू होते. सार्वजनिक अंगणात वस्तू ठेवायला परवाना लागतो." त्याने गाडीच्या टपाकडे पाहिलं. पाळणा लिफ्टमध्ये मावत नव्हता म्हणून शाइरगुलने तो आदल्या दिवशीच खाली आणून टपावर बांधला होता. निरीक्षकाने टाइप केलं आणि मोठ्याने वाचलं, "वस्तू, एक. तिच्यावर पाळणा, एक."

"आणि मी चाकं लावली तर?"

"तर ते पुन्हा वाहन होईल. त्याचा अर्ज वेगळा आहे. सोबत चाकांवर उभ्या असलेल्या वाहनाचा फोटो." त्याने टॅबलेट बंद केला. "उद्या सकाळी नऊ वाजता क्रेन येईल. त्याआधी अर्ज आला तर क्रेन येणार नाही. कार्यालय आज चारला बंद होतं."

"पण तक्रार केली कुणी?"

निरीक्षकाने टॅबलेट बगलेत मारला आणि तो निघाला. सापारकान मात्र दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून एकदम आत गेल्या. मुरंबा देणं आणि तक्रार करणं ही त्यांच्या मते दोन वेगवेगळी कर्तव्यं होती, आणि त्यांनी दोन्ही वेळेवर केली होती.

दुपारपर्यंत मास्तरांनी तीन टॅक्सीवाल्यांना विचारलं. दोघांनी पाळणा टपावर घ्यायला नकार दिला. तिसरा तयार झाला, पण त्याच्या गाडीवर पिवळा दिवा आणि पिझ्झाची जाहिरात होती. मास्तरांनी डोळे मिटून ती पिझ्झाची जाहिरात बैशेनबेकच्या फाटकातून आत जाताना पाहिली, आणि डोळे उघडले.

"मी कोच्कोरला फोन करते," शाइरगुल म्हणाली. "सांगते, दुसऱ्या कुणाचा तरी पाळणा उसना घ्या."

तिने हे रागाने म्हटलं असतं तर मास्तरांना चाललं असतं. ती दुलईची घडी घालत होती आणि तिने ते हळूच म्हटलं. तिचं पहिलं नातवंड दुसऱ्याच्या पाळण्यात निजणार होतं. मास्तर खुर्चीवरून उठले, परत बसले, आणि या दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांना बैशेनबेक आठवला नाही.

साडेतीन वाजता अंगणात हॉर्न वाजला. कुबातची व्होल्गा. मागच्या सीटवर आणि डिकीत मास्तरांची चारही जुनी चाकं कोंबलेली होती.

"मामा, हे काय दिलंस मला?" कुबात उतरता उतरता म्हणाला. तो खरोखर दुखावला होता. "एकही बसत नाही. दोन दिवस घातले मी त्यात. भाच्याला द्यायचं तर धड तरी द्यावं."

"मी दिलं नव्हतं, तू नेलं होतंस."

"तेच ते." त्याची नजर भिंतीकडे गेली. चार चकचकीत चाकं उन्हात उभी होती. कुबातचा दुखावलेला चेहरा हळूहळू बरा झाला. "ही बघू का लावून?"

मास्तर नाही म्हणणार होते. पण भाच्याला नाही म्हणता येत नाही, आणि गेन्नादीने तोपर्यंत व्होल्गाखाली जॅक सरकवलाही होता. जुनं चाक उतरलं, नवं चाक वर गेलं, आणि पाचही बोल्ट पाचही भोकांतून एकदम आले.

गेन्नादी आत वाकला, शेजारच्या दोन बोल्टांत व्हर्नियर लावला आणि ओठ हलवत गुणाकार केला. "एकशे आठ. व्होल्गाचं एकशे आठ आहे, केरिमकूल. तू अगदी बरोबर मोजलंस. फक्त गाडी चुकली."

अंगणात जमलेल्या लोकांनी मान डोलावली. आपण ज्या चाकांना बायगाझी दिली ती चाकं कुठेतरी लागली, याचं त्यांना समाधान होतं. सापारकानने मात्र विचारलं, "म्हणजे माझा मुरंबा कुणाला दिला होता मी?"

कुबातने विचार केला. "चाकांबरोबरचा असेल तर माझाच की," तो म्हणाला, आणि वर जाऊन बरणी घेऊन आला.

मास्तर हसत उभे होते. हे हसणंही रीतीचंच होतं, पण गेन्नादी आता त्यांच्या जपानी गाडीला जुनी, गंजकी, चिखलाची चाकं लावत होता, आणि ती एका धक्क्यात बसत होती. शाइरगुल चिखल पुसायला बादली घेऊन आली.

शनिवारी साडेआठला दोन्ही गाड्या निघाल्या. पुढे व्होल्गा, कारण कुबातला चाकं दाखवायची होती. मागे मास्तर, टपावर पाळणा. रस्त्याच्या तोंडाशी क्रेन समोरून आली. निरीक्षकाने खिडकीतून हात बाहेर काढून विचारलं, "अर्ज?"

"वस्तू बाहेरगावी निघालीय," मास्तर म्हणाले आणि गाडी पुढे घेतली.

पावणेबाराला कोच्कोर आलं. फाटकापाशी बैशेनबेक उभे होते, आणि त्यांच्या मागे सगळं गाव. मास्तरांची गाडी आत आली तशी बैशेनबेकने वाकून तिची उघडी लोखंडी चाकं पाहिली आणि तोंड उघडलं. एवढ्यात व्होल्गाच्या चाकांवरचं ऊन त्यांच्या डोळ्यांत गेलं.

ते व्होल्गापाशी गेले. एका चाकाभोवती फिरले. मग खिशातून हजाराची नोट काढून त्यांनी कुबातच्या हातावर ठेवली. "सुखाने वापर. कुणी निवडली ही?"

"मामाने," कुबात म्हणाला. भाच्याला उदार व्हायला काही खर्च येत नव्हता. "मापसुद्धा मामानेच काढलं. मिलिमीटरही इकडचा तिकडे नाही."

"किती?"

"एकशे आठ," मास्तर म्हणाले. ते खोटं नव्हतं.

पाळणा आत गेला. बायकांनी धूप फिरवला आणि बाळाला दुलईत बांधलं. बाळाने एकदाच निषेध केला आणि झोपलं. शाइरगुलने डोळे पुसले. मास्तर दारात उभे राहून बघत होते, तेव्हा बैशेनबेकने त्यांचा कोपर धरला आणि त्यांना गोठ्यामागच्या खोपटात नेलं.

तिथे ताडपत्रीखाली चार कोरी करकरीत चाकं होती. वर धूळ जमली होती.

"पोरांच्या लग्नाआधीच्या हिवाळ्यात मागवली," बैशेनबेक हळू आवाजात म्हणाले. "जीपला बसत नाहीत. आमच्या मेकॅनिकने मापं चुकीची दिली. म्हणजे," त्यांनी दाराकडे पाहिलं, "मीच दिली. घरात कुणाला माहीत नाही. व्याही, तुम्ही जरा जीपचं माप काढून द्याल का? तुमचा या विषयात हात आहे."

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. व्हीलकॅप घरंगळत होती, दोनशे माणसं हसत होती, आणि त्या सगळ्यात हा माणूस घरातल्यांपासून चार चाकं लपवून बसला होता.

"पट्टी आणा," मास्तर म्हणाले.

जीपचं चाक उतरवलं गेलं. पाहुणे जमले. शाइरगुल झोपलेल्या बाळाला घेऊन पायरीवर आली, आणि नवऱ्याला उकिडवं बसलेलं पाहून तिने मान पुढे काढली. मास्तरांनी बोटाने एकेक बोल्ट मोजला, सावकाश, वर्गात मुलं मोजावीत तसा. मग पट्टी एका बोल्टच्या मध्यावर ठेवली आणि सरळ समोरच्या बोल्टच्या मध्यावर नेली.

"एकशे एकोणचाळीस," ते म्हणाले, "पूर्णांक सात."

बैशेनबेकने ते तळहातावर लिहून घेतलं. "एका झटक्यात," त्यांनी पाहुण्यांना सांगितलं. "याला म्हणतात शिक्षण."

मास्तर गुडघे झटकून उठले आणि पंगतीकडे निघाले. शाइरगुलजवळून जाताना ते किंचित थांबले, शाबासकी आली तर असू द्यावी म्हणून. ती बाळाच्या कानाशी वाकली होती.

"बाळा, तुझ्या आजोबांचं नशीब थोर," ती म्हणाली. "सहा होते."